'अधिकारा'कडून 'गुणवत्ते'कडे : काशीच्या संदर्भात उच्च शिक्षणातील आरक्षणाचा वाद

१. प्रास्ताविक

महाविद्यालयीन व विद्यापीठीय प्रवेशातील आरक्षण हा विषय सामान्यतः कायद्याच्या, राजकारणाच्या किंवा समाजशास्त्राच्या अभ्यासकांकडे सोपविला जातो. साहित्याच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे असे त्यात काय आहे, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. परंतु हा वाद ज्या शब्दांच्या आधारे चालतो, त्या शब्दांना इतिहास आहे. 'अधिकार', 'पात्रता', 'योग्यता', 'गुणवत्ता', 'सवलत', 'राखीव' आणि 'प्रवेश' या शब्दांपैकी एकही निव्वळ प्रशासकीय नाही. त्यांतील काही मीमांसाशास्त्रातून आले, काही रोजच्या ग्रामव्यवहारातून आले, तर काही सत्याग्रहाच्या रणभूमीवरून आले. मराठी आणि हिंदी या दोन भाषांत त्यांच्या अर्थच्छटा वेगळ्या आहेत, आणि या वेगळेपणाचा परिणाम वादाच्या स्वरूपावरही झालेला दिसतो.

या शब्दांचा प्रवास पाहण्यासाठी काशी हे सोयीचे स्थान आहे. कोणी काय शिकावे या प्रश्नावर निर्णय देण्याचा मान या नगरीला शतकानुशतके होता आणि तो देणाऱ्यांत दाक्षिणात्य, विशेषतः महाराष्ट्रीय, पंडितघराणी अग्रभागी होती. ज्या मंडल आयोगाच्या अहवालाने १९९० नंतरचे भारतीय राजकारण बदलून टाकले, त्याचे अध्यक्ष बिंदेश्वरी प्रसाद मंडल यांचा जन्मही १९१८ साली काशीतच झाला, हा योगायोग असला तरी लक्षात राहण्याजोगा आहे.

२. अधिकारविचार : मीमांसा आणि काशीचे दाक्षिणात्य पंडित

जैमिनीच्या पूर्वमीमांसासूत्रांचा सहावा अध्याय 'अधिकार' या विषयाला वाहिलेला आहे. यज्ञकर्म करण्यास कोण अधिकारी, हा तेथील प्रश्न. उत्तराची घडण स्थूलमानाने तीन अटींची आहे : इच्छा असणे म्हणजे अर्थित्व, ते कर्म करण्याची क्षमता म्हणजे सामर्थ्य, आणि शास्त्राने निषेध केलेला नसणे. आधुनिक प्रवेशप्रक्रियेची चौकट याहून फारशी निराळी नाही. विद्यार्थ्याने अर्ज केला पाहिजे, तो शैक्षणिक दृष्ट्या पात्र असला पाहिजे आणि कोणत्याही नियमाने अपात्र ठरलेला नसला पाहिजे.

या चौकटीतील खरी मेख दुसऱ्या अटीत आहे. ब्रह्मसूत्रांतील अपशूद्राधिकरणावर भाष्य करताना शंकराचार्यांनी जो युक्तिवाद केला त्याचा आशय असा : शूद्राच्या ठायी ज्ञानाची इच्छा असू शकेल, लौकिक सामर्थ्यही असू शकेल, परंतु शास्त्रीय विषयाला शास्त्रीय सामर्थ्य लागते, ते वेदाध्ययनाने येते, आणि अध्ययनाचाच निषेध असल्यामुळे ते सामर्थ्य त्याच्या ठायी संभवत नाही. येथे असमर्थता ही निषेधातून निर्माण होते आणि मग तीच निषेधाचे कारण म्हणून पुढे येते. हे वर्तुळ आजच्या चर्चेतही वारंवार भेटते. म्हणून त्याची येथे नोंद करणे आवश्यक आहे.

तथापि ही परंपरा एकसुरी नव्हती. त्याच मीमांसासूत्रांत बादरीचे मत सर्वांना अधिकार असल्याचे नोंदविले आहे. ते पुढे खोडले गेले, पण नोंदले गेले. रथकार आणि निषादस्थपती यांना विशिष्ट कर्मांपुरता अधिकार मान्य करणारी अधिकरणेही तेथे आहेत. म्हणजे नियम, त्याला पूर्वपक्ष आणि त्याला अपवाद अशी तिन्ही अंगे शास्त्रातच उपस्थित होती.

काशीतील महाराष्ट्रीय पंडितांच्या लेखनात ही अंगे प्रत्यक्ष सामाजिक प्रश्नांना भिडलेली दिसतात. पैठणहून काशीस आलेल्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्टाने 'निर्णयसिंधू'बरोबरच 'शूद्रकमलाकर' हा ग्रंथ रचला. शेष घराण्यातील शेषकृष्णाने 'शूद्राचारशिरोमणि' लिहिला. शूद्रांसाठी स्वतंत्र धर्मनिबंध लिहिण्याची गरज या पंडितांना भासावी, यातच प्रश्नाचा ताण व्यक्त होतो. कमलाकराचा पुतण्या विश्वेश्वर ऊर्फ गागाभट्ट याने 'कायस्थधर्मप्रदीप' लिहिला आणि १६७४ साली रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक केला. महाराष्ट्रातील अधिकाराचा पेच काशीच्या पंडिताच्या निर्णयाने सोडविला गेला. एकनाथांच्या भागवताबाबतही परंपरा हेच सांगते : शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ साली, हा ग्रंथ काशीत पूर्ण झाला, आणि शास्त्र मराठीत आणण्याच्या अधिकाराविषयीची हरकत व तिचे निवारण ही दोन्ही तेथेच घडली.

३. आधुनिक संस्था : दार आणि पंगत

१७९१ साली जोनाथन डंकन याच्या पुढाकाराने काशीत संस्कृत पाठशाळा स्थापन झाली. आजचे संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय हे तिचेच उत्तररूप होय. पाठशाळेच्या आरंभीच्या नियमांनुसार वैद्यकाचा अध्यापक वगळता सर्व अध्यापक ब्राह्मण असावयाचे होते. जन्मावर आधारलेली जागावाटणी ही विसाव्या शतकातील कल्पना आहे, हा समज या एका नियमानेही डळमळीत होतो. जागा तेव्हाही राखीव होत्या. मात्र त्या राखीव आहेत असे म्हणण्याची गरज कोणास वाटत नव्हती.

बनारस हिंदू विश्वविद्यालयाचा कायदा १९१५ साली झाला आणि १९१६ च्या फेब्रुवारीत पायाभरणी झाली. कायद्याने विद्यापीठ सर्व वर्ग, जाती व पंथांच्या व्यक्तींना खुले ठेवले. पण सर्वोच्च सभेचे सदस्यत्व मात्र १९५१ च्या दुरुस्तीपर्यंत हिंदूंपुरते होते. दार आणि घर यांतील हे अंतर विद्यार्थ्यांच्या अनुभवातही उतरले. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात पंडित मदनमोहन मालवीय यांच्या निमंत्रणावरून जगजीवन राम येथे शिकावयास आले. त्यांना प्रवेश मिळाला, शिष्यवृत्ती मिळाली. परंतु भोजनगृहात त्यांना वाढण्यास सेवक तयार नव्हते आणि न्हावी केस कापण्यास तयार नव्हता. पुढे ते कोलकात्यास गेले आणि १९३१ मध्ये तेथून विज्ञानाचे पदवीधर झाले. १९४६ मध्ये एका विद्यार्थिनीने वेदाच्या वर्गात प्रवेश मागितला तेव्हा वाद उठला, शास्त्रविचार झाला आणि निर्णय तिच्या बाजूने लागला. १९७८ च्या जानेवारीत जगजीवन राम केंद्रीय मंत्री म्हणून काशीत आले आणि त्यांनी संस्कृत विश्वविद्यालयात संपूर्णानंद यांच्या पुतळ्याचे अनावरण केले. त्यानंतर तो पुतळा गंगाजलाने 'शुद्ध' करण्यात आला. विद्यार्थ्याच्या पंगतीपासून मंत्र्याच्या हस्तस्पर्शापर्यंत सुमारे पन्नास वर्षे गेली होती, आणि त्या काळात पदवी, संपत्ती, पद हे सारे मिळाले होते. केवळ आर्थिक निकषाने मागासलेपण मोजावे असे म्हणणाऱ्यांना या घटनेचा विचार करावा लागतो.

४. संवैधानिक चौकट

महाराष्ट्रात या प्रश्नाचे आधुनिक रूप कोल्हापुरात घडले. वेदोक्त प्रकरणाच्या पार्श्वभूमीवर राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानातील रिक्त होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा आदेश काढला. त्यातील 'मागासलेले' या संज्ञेत ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व अन्य पुढारलेले वर्ग वगळता सर्वांचा समावेश होता. वेदोक्ताचा प्रश्न अधिकाराचा होता; आदेशाची भाषा मात्र प्रतिनिधित्वाची झाली. संज्ञांच्या इतिहासात हे वळण निर्णायक होय.

स्वातंत्र्योत्तर काळात पहिला मोठा संघर्ष महाविद्यालयीन प्रवेशावरूनच झाला. मद्रास राज्याचा जातवार प्रवेशाचा आदेश १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चंपकम दोराईराजन खटल्यात रद्द ठरविला. त्यावर संविधानाची पहिली घटनादुरुस्ती होऊन अनुच्छेद १५(४) आला. १९६२ च्या बालाजी खटल्यात ५० टक्क्यांच्या मर्यादेचा विचार पुढे आला आणि १९९२ च्या इंद्रा साहनी निर्णयाने ती मर्यादा व 'प्रगत स्तर' वगळण्याचे तत्त्व स्थिर केले. ९३ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १५(५) आला व २००६ च्या कायद्याने केंद्रीय संस्थांतील प्रवेशात इतर मागासवर्गीयांना २७ टक्के जागा मिळाल्या. १० एप्रिल २००८ रोजी अशोककुमार ठाकूर खटल्यात हा कायदा प्रगत स्तर वगळण्याच्या अटीवर वैध ठरला.

या कायद्याचे गणित समजून घेण्यासारखे आहे. पूर्वी अनुसूचित जातींना १५ व जमातींना ७.५ असे मिळून २२.५ टक्के आरक्षण होते. म्हणजे शंभरांपैकी ७७.५ जागा खुल्या होत्या. नव्या व्यवस्थेत खुला भाग ५०.५ टक्के उरला. खुल्या जागांची संख्या घटू नये अशी कायद्याची अट होती. ७७.५ ही संख्या ५०.५ टक्के व्हावयाची तर एकूण जागा सुमारे १५३.५ हव्यात. केंद्रीय संस्थांना जागा सुमारे ५४ टक्क्यांनी वाढवाव्या लागल्या, त्या याच हिशेबाने. कोणाचे काढून कोणाला देणे असा समज ज्या निर्णयाविषयी रूढ झाला, तो प्रत्यक्षात विस्ताराचा निर्णय होता. अर्थात वाढलेल्या विद्यार्थ्यांच्या प्रमाणात अध्यापक, वसतिगृहे व ग्रंथालये वाढली की नाहीत, हा प्रश्न स्वतंत्र आणि रास्त आहे.

२०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने आर्थिक दृष्ट्या दुर्बल घटकांना १० टक्के आरक्षण दिले. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते तीन विरुद्ध दोन अशा मताधिक्याने वैध ठरविले. अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गांतील गरिबांना त्यातून वगळणे योग्य आहे काय, हा अल्पमताचा मुख्य आक्षेप होता. या तरतुदीने केंद्रीय संस्थांतील एकूण आरक्षण ५९.५ टक्क्यांवर गेले.

५. लहान विभागांचा प्रश्न

आरक्षणाचे तत्त्व मान्य करूनही त्याची अंमलबजावणी कोणत्या एककावर करावी, हा प्रश्न उरतो. तो ऐरणीवर आला तो काशीतूनच. बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या अध्यापकपदांच्या जाहिरातीवरून निघालेल्या खटल्यात अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१७ च्या एप्रिलमध्ये असा निर्णय दिला की, आरक्षणाचे एकक संपूर्ण विद्यापीठ नसून विभाग असावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या मार्चमध्ये त्यानुसार परिपत्रक काढले.

याचा अर्थ बिंदुनामावलीच्या भाषेत पाहता येतो. २७ टक्के म्हणजे दर चौथी जागा, १५ टक्के म्हणजे दर सातवी, ७.५ टक्के म्हणजे दर चौदावी. ज्या विभागात तीनच पदे आहेत तेथे चौथा बिंदू येणार नाही. सहा पदांच्या विभागात सातवा येणार नाही. आणि चौदा पदे असलेला भाषाविभाग तर विरळाच. म्हणजे नियम शब्दशः पाळूनही लहान विभागांत आरक्षण शून्य राहू शकते. मराठी, तेलुगू, बंगाली, नेपाळी यांसारखे मातृप्रदेशाबाहेरचे भाषाविभाग बहुधा लहानच असतात. म्हणून हा प्रश्न त्यांना विशेष लागू होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला; त्यानंतर अध्यादेश व त्याच वर्षीचा कायदा यांनी संस्था हेच एकक असल्याचे निश्चित केले. प्रवेशाच्या बाबतीतही, विशेषतः संशोधनाच्या मोजक्या जागांबाबत, हाच अपूर्णांकाचा पेच उद्भवतो. दोन जागांचे २७ टक्के कसे काढावेत, या क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नात एखाद्या ज्ञानशाखेचे भावी अभ्यासक कोण, याचे उत्तर दडलेले असते.

६. दोन भाषांतील शब्दव्यवहार

आता या वादाच्या भाषेकडे वळता येईल. मराठीत 'गुण' या एकाच शब्दाने सद्गुण आणि परीक्षेतील प्राप्तांक या दोहोंचा बोध होतो. गुणपत्रिका, गुणवंत, गुणवत्ता, गुणवत्ता यादी हे सारे शब्द त्याच मुळातून फुटलेले आहेत. त्यामुळे मराठीत 'कमी गुण' म्हणताना संख्या आणि स्वभाव यांतील सीमारेषा नकळत पुसली जाते. हिंदीत प्राप्तांकांना 'अंक' म्हणतात व मूल्यवाचक शब्द 'योग्यता', 'प्रतिभा' किंवा 'मेधा' हे आहेत. अंकांवरून योग्यतेकडे जाताना हिंदी भाषकाला निदान एक पायरी तरी ओलांडावी लागते. मराठी भाषकाला ती पायरी जाणवतही नाही. २०२२ च्या जानेवारीत वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशाच्या खटल्यात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी परीक्षेतील उच्च गुण म्हणजेच गुणवत्ता नव्हे, या आशयाचे प्रतिपादन केले. ते विधान मराठीत आणताना ही शाब्दिक अडचण प्रकर्षाने जाणवते.

'राखीव' हा शब्द राखणे या क्रियापदापासून आलेला. राखीव कुरण, राखीव रान असा त्याचा वापर रूढ आहे. त्यात जपणुकीची छटा आहे. 'आरक्षण' हा संस्कृतनिष्ठ शब्द दोन्ही भाषांत समान असला तरी तो रेल्वेच्या डब्याशीही जोडला गेला आहे. 'सवलत' हा मराठीतील तिसरा पर्याय मात्र हक्काचे रूपांतर उपकारात करतो. 'सरकारचा जावई' ही टोमण्याची भाषा याच शब्दाच्या आश्रयाने वाढली.

'प्रवेश' हा शब्द सर्वांत अर्थगर्भ म्हणावा लागेल. हिंदीत महाविद्यालयासाठी 'दाखिला' हा पर्यायही आहे. मराठीत मात्र मंदिरप्रवेश आणि महाविद्यालयप्रवेश यांना एकच शब्द आहे, आणि 'दाखला' म्हटले की प्रमाणपत्र, बहुधा जातीचा दाखला, डोळ्यांसमोर येतो. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. काशीत विश्वनाथ मंदिर दलितांना खुले झाल्यावर करपात्री स्वामींनी मीरघाटावर वेगळे विश्वनाथ मंदिर उभारले. प्रवेश देणे भाग पडले तर वेगळी जागा निर्माण करावयाची, ही प्रतिक्रिया शिक्षणक्षेत्रालाही अपरिचित नाही.

दलित आत्मकथने ही या शब्दव्यवहाराची दुसरी बाजू दाखवितात. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८), शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४), किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) या मराठी आत्मकथनांत शाळा, बोर्डिंग व अर्ज यांना मध्यवर्ती स्थान आहे. लिंबाळे यांच्याकडे तर आईवडिलांच्या जाती भिन्न असल्यामुळे विद्यार्थ्याची ओळख कागदावर कशी नोंदवावी, हाच पेच होतो. अर्जाचा रकाना हा येथे कथनाचा संघर्षबिंदू आहे. हिंदीत तुलसीराम यांच्या आत्मकथनाचा पहिला भाग 'मुर्दहिया' (२०१०) आजमगढच्या गावाचा, तर दुसरा 'मणिकर्णिका' (२०१४) काशीतील विद्यार्थीदशेचा आहे. दोन्ही शीर्षके मृतांच्या भूमीची. गाव सोडून ज्ञाननगरीत आलेल्या विद्यार्थ्याने त्या नगरीचे प्रतीक म्हणून विद्यापीठाचे भव्य द्वार न निवडता स्मशानघाट निवडावा, याचा अर्थ तौलनिक अभ्यासकाने लावावयास हवा. मराठी आत्मकथनांत महानगर किंवा वसतिगृह हे बहुधा सुटकेचे स्थान असते. काशीला तसे निःशंक स्थान मिळत नाही.

७. आक्षेप आणि त्यांचे वजन

आरक्षणाच्या विरोधातील सर्व आक्षेप एकाच तराजूत घालणे न्याय्य होणार नाही. पहिला आक्षेप व्यक्ती आणि समूह यांविषयीचा आहे : प्रवेश व्यक्तीला मिळतो, अन्याय मात्र समूहाच्या नावे मोजला जातो. त्याला उत्तर असे की, वगळणूक समूहाच्या नावानेच झाली होती. जगजीवन राम यांना पंगतीत नाकारताना त्यांचे वैयक्तिक गुण कोणी तपासले नव्हते. दुसरा आक्षेप लाभ त्याच त्या कुटुंबांत फिरतो हा. तो वास्तवावर आधारलेला असून प्रगत स्तराचे तत्त्व आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला दिलेली मान्यता ही त्याची दखल होय. तिसरा आक्षेप असा की, प्राथमिक शाळेतील दुरवस्था पदवीच्या दारात दुरुस्त होत नाही. हे खरे आहे; पण त्यातून शाळा सुधारण्याचे कर्तव्य निष्पन्न होते, दार बंद करण्याचे नव्हे.

मराठा आरक्षणाचा प्रश्न या सर्वांहून गुंतागुंतीचा आहे. १६७४ मध्ये व पुन्हा वेदोक्त प्रकरणात क्षत्रियत्वाचा अधिकार सिद्ध करावा लागला. २०१८ च्या कायद्यात सामाजिक व शैक्षणिक मागासलेपण सिद्ध करावे लागले. तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी रद्द केला आणि २०२४ मध्ये राज्याने १० टक्क्यांचा नवा कायदा केला. त्यालाही आव्हान मिळाले. या दोन दाव्यांत विसंगती आहे असे वरवर वाटते. वस्तुतः पहिला दावा संस्काराधिकाराचा आणि दुसरा शेतीवर अवलंबून असलेल्या कुटुंबांच्या शिक्षणाचा आहे. मात्र दोन्ही वेळा समाजाला आपली ओळख बाहेरच्या अधिकारपीठापुढे पुराव्यानिशी मांडावी लागली; एकदा काशीच्या पंडितापुढे, एकदा दिल्लीच्या न्यायपीठापुढे.

अमेरिकेतील अनुभव येथे तुलनेस उपयुक्त ठरतो. तेथे १९७८ च्या बाकी खटल्यापासून समर्थनाचा मुख्य आधार वर्गातील विविधता हा होता. म्हणजे लाभ संस्थेचा. २९ जून २०२३ रोजी हार्वर्ड विद्यापीठाविषयीच्या निर्णयाने वंशाधारित प्रवेशविचार अवैध ठरला. भारतात समर्थनाचा आधार ऐतिहासिक अन्यायाचे परिमार्जन व प्रतिनिधित्व हा असून तो संविधानाच्या शब्दांत आहे. म्हणून अमेरिकेतील निष्कर्ष जसाच्या तसा येथे आणणे म्हणजे एका भाषेतील वाक्प्रचार दुसरीत शब्दशः उतरविण्यासारखे होईल.

८. समारोप

मीमांसेने अधिकाराच्या ज्या अटी सांगितल्या त्यांपैकी निषेधाची अट संविधानाने काढून टाकली. अर्थित्वाविषयी वाद नाही. दरवर्षी येणारे अर्ज त्याची साक्ष देतात. उरतो तो प्रश्न सामर्थ्याचा, आणि आजचा सारा संघर्ष त्याच एका शब्दाच्या अर्थावरून आहे. सामर्थ्य ही प्रवेशापूर्वी सिद्ध करावयाची गोष्ट आहे, की अध्ययनाने प्राप्त व्हावयाची? अपशूद्राधिकरणाने अध्ययनावाचून सामर्थ्य नाही असे म्हटले, आणि तेवढे विधान बरोबरच होते. चूक होती ती त्यावरून अध्ययनच नाकारण्यात. परीक्षेतील गुणांना स्वयंसिद्ध गुणवत्ता मानणारा आजचा युक्तिवाद त्या वर्तुळात पुन्हा शिरत नाही ना, हे प्रत्येक प्रवेशयादीच्या वेळी तपासावे लागेल. तसेच, दारातून आत आलेल्या विद्यार्थ्याला पंगतीत स्थान मिळाले की नाही, हेही तपासावे लागेल. कारण जगजीवन राम यांना काशीत नाकारली गेली ती पंगत होती, प्रवेश नव्हे.